पॅनेल घ्यायचंय, पेरोव्हस्काइटसाठी थांबू का?

सूर्यघर योजना आल्यापासून ओळखीतल्या प्रत्येकाला छतावर सोलर टाकायचंय, आणि मी सोलर सेलवर काम करते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ते नवीन पेरोव्हस्काइट का काय ते येतंय म्हणे, स्वस्तात आणि डबल पॉवरचं, मग थांबू का अजून दोन वर्षं? उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते सुटतील. थांबू नका. तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळतीये, सिलिकॉनची पॅनेलं बरीच स्वस्त झालीत, कंपनी २५ वर्षांची वॉरंटी लिहून देतीये, टाका आणि मोकळे व्हा. आणि डबल पॉवर वगैरे कुणी सांगितलं ते त्यालाच विचारा.

आता का थांबायचं नाही ते सांगते, जरा लांबण लागेल.

पेरोव्हस्काइट म्हणजे एका ठराविक क्रिस्टल रचनेचं मटेरियल, सिलिकॉनसारखंच उजेडाची वीज करणारं, आणि त्याची हवा झाली ती आकड्यांमुळे. २००९ मध्ये जपानमध्ये योकोहामाच्या तोइन युनिव्हर्सिटीत मियासाकांच्या ग्रुपने मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड (लॅबमध्ये सगळे त्याला मॅपी म्हणतात, मीही तेच म्हणणार) वापरून पहिला सेल केला, एफिशियन्सी (उन्हातल्या ऊर्जेचा जेवढा वाटा विजेत बदलतो तो) ३.८ टक्के. कुणी फारसं लक्ष दिलं नाही कारण सेलमध्ये जो द्रव इलेक्ट्रोलाइट होता त्यात हे मटेरियलच विरघळून जायचं, मिनिटांचा खेळ. २०१२ मध्ये कोरियातला पार्क आणि स्वित्झर्लंडमधला ग्रेट्झेल यांच्या टीमने मिळून आणि ऑक्सफर्डच्या स्नेथच्या टीमने स्वतंत्रपणे द्रव काढून टाकून घन थर घातला आणि गाडी थेट १० टक्क्यांच्या आसपास गेली. तिथून पुढे जगभरच्या लॅब तुटून पडल्या आणि आज छोट्या सेलचे रेकॉर्ड २७ च्या घरात आहेत. सिलिकॉनला १९५४ च्या बेल लॅबच्या ६ टक्क्यांपासून एवढं अंतर कापायला अख्खी कारकीर्द गेली लोकांची, दोन-तीन पिढ्यांची, आणि इथे पंधरा वर्षांत काम झालं. तेही केसापेक्षा कितीतरी पातळ थरात, साधारण अर्धा मायक्रॉन, जिथे सिलिकॉनची वेफर दीडशे मायक्रॉनच्या आसपास असते.

मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम समजायला हे बनतं कसं ते बघावं लागेल.

सिलिकॉन १४१४ डिग्रीला वितळतं, तिथून क्रिस्टल ओढायचा, कापायचा, भट्ट्या, व्हॅक्युम, सगळा अवाढव्य कारभार. आमच्याकडे काय असतं तर एक छोटी काचेची बाटली, त्यात लेड आयोडाइड आणि मिथाइलअमोनियम आयोडाइड, डीएमएफ आणि डीएमएसओ या सॉल्व्हंटच्या मिश्रणात विरघळवलेलं पिवळंजर्द पाणी. ते मायक्रोपिपेटने काचेवर टाकायचं, काच स्पिन कोटरवर मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्यांनी फिरते, आणि फिरता फिरता एका ठराविक सेकंदाला वरून क्लोरोबेंझीन सोडायचं. हे अँटीसॉल्व्हंट. त्यात पेरोव्हस्काइट विरघळत नाही पण डीएमएफ मात्र त्यात मिसळून निघून जातं, त्यामुळे एकदम सगळीकडे क्रिस्टलची बीजं पडतात आणि फिल्म आरशासारखी येते. लवकर सोडलं तर काहीच होत नाही, उशीर झाला तर आधीच मोठमोठे दाणे सुटलेले असतात आणि फिल्म पांढुरकी गढूळ. साखरेचा पाक करणाऱ्याला हे लगेच कळेल, एकतारी झाला की उतरवायचा, क्षणभर इकडे तिकडे झालं की साखर बसली. सोडायचा वेग, पिपेटच्या टोकाचं काचेपासूनचं अंतर, ग्लोव्हबॉक्समध्ये (नायट्रोजन भरलेली बंद पेटी, तिला लावलेल्या हातमोज्यांतून आत काम करायचं) सॉल्व्हंटची वाफ किती साचलीये, सगळ्याचा परिणाम होतो. आणि ग्लोव्हबॉक्समध्ये हात जाड रबरी हातमोज्यात असतात हे विसरू नका. नवीन पोरं येतात तेव्हा पहिले काही आठवडे निव्वळ हाताला वळण लावण्यात जातात, त्यात एकाची फिल्म मस्त येते आणि दुसऱ्याची येतच नाही, रेसिपी तीच, बाटली तीच. मग ती काच १०० डिग्रीच्या हॉटप्लेटवर ठेवायची, पिवळसर रंग बघता बघता तांबूस, मग गडद तपकिरी, मग जवळजवळ काळा. इतकी वर्षं झाली तरी तो रंग बदलताना मी हातातलं काम थांबवून बघते.

तर मुद्दा असा की शंभर डिग्रीच्या हॉटप्लेटवर दहा मिनिटांत जे जुळून येतं ते उन्हात तापलेल्या छतावर सुटं व्हायलाही फार ऊर्जा लागत नाही. सगळं दुखणं याच्यात आहे. सिलिकॉनमध्ये अणू एकमेकांना घट्ट कोव्हॅलंट बाँडने धरून बसलेत. पेरोव्हस्काइटचा सांगाडा आयनिक आणि मऊ, त्यात आयोडाइडच्या जागा रिकाम्या राहतात आणि शेजारचा आयोडाइड उडी मारून त्या जागेत जातो, मग त्याची जागा रिकामी, असं करत करत आयन चक्क चालायला लागतात. उजेडात जास्त, उष्णतेत जास्त, व्होल्टेज लावला की आणखी जास्त. गंमत म्हणजे याच मऊपणामुळे हे मटेरियल इतकं चांगलं चालतं असंही बऱ्याच जणांचं म्हणणं आहे, कारण सिलिकॉनमध्ये एवढे दोष असते तर सेल चाललाच नसता, इथे मात्र बहुतेक दोष इलेक्ट्रॉनला अडकवून ठेवत नाहीत. म्हणजे गलथान पद्धतीने बनवलं तरी चालतं. आमच्या फील्डची सगळी श्रीमंती आणि सगळी भानगड इथेच.

मॅपीचं खरं दुखणं मिथाइलअमोनियम. तो सेंद्रिय रेणू, गरम केलं की वायू होऊन निघून जायला बघतो आणि मागे उरतं लेड आयोडाइड, पिवळं. जुने सेल ड्रॉवरमधून काढले की कडेने पिवळी किनार आलेली दिसते, पाणी आणि हवा आत कुठून शिरली ते त्या किनारीवरून सरळ वाचता येतं. पावसाळ्यात तर विचारूच नका, जून ते सप्टेंबर ग्लोव्हबॉक्सच्या बाहेर काढलेला उघडा सेल म्हणजे उदक सोडलेलाच समजायचा.

मग लोकांनी म्हटलं, काढा मिथाइलअमोनियम, जरा मोठा फॉर्मअमिडिनियम घाला. याला फापी म्हणतात. बँडगॅप (किती ऊर्जेपासून पुढचा उजेड शोषला जातो ती सीमा) १.४८ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, सूर्यप्रकाशासाठी मॅपीपेक्षा जास्त बरा, उष्णताही जास्त सोसतो. पण लेड आणि आयोडाइडचा जो पिंजरा असतो त्यात बसायला हा रेणू थोडा मोठा. कुठला आयन त्या पिंजऱ्यात नीट बसेल याचं गणित गोल्डश्मिटने १९२६ मध्ये मांडून ठेवलंय, टॉलरन्स फॅक्टर म्हणतात, तेव्हा पेरोव्हस्काइटचे सोलर सेल कुणाच्या डोक्यातही नव्हते आणि आज आमच्यातला प्रत्येक जण त्या सूत्राने दिवसाची सुरुवात करतो. फापी १५० डिग्रीला तापवला की काळा होतो, थंड करून ठेवला की हळूहळू पिवळ्या फेजमध्ये (अणूंच्या वेगळ्या मांडणीत) जातो, आणि पिवळी फेज उजेड शोषायच्या कामाची नाही. सीझियम याच्या उलट, थोडा लहान पडतो. मग २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ग्रुपने सीझियम, फॉर्मअमिडिनियम आणि थोडासा मिथाइलअमोनियम असे तिन्ही एकत्र घातले, २१.१ टक्के आले, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका बॅचचे सेल एकमेकांसारखे यायला लागले. माझ्या मते या फील्डमधला हा सगळ्यात उपयोगी पेपर, रेकॉर्ड तर पुढे किती आले आणि गेले.

सेंद्रिय काहीच नको, नुसतं सीझियम लेड आयोडाइड घ्या असंही एक घराणं आहे आणि त्यात आपली माणसं आहेत म्हणून सांगते. शिवाजी विद्यापीठात पातळ थरांचं काम जुनं, बीकरमध्ये केमिकल बाथ लावून फिल्म करायची ती परंपरा, महागडी मशीन नव्हती म्हणून जे हाताशी होतं त्यात कौशल्य आलं. तिथून पीएचडी करून कोरियाला गेलेली मंडळी इतकी आहेत की तिथल्या कॉन्फरन्सला चहाच्या टेबलवर मराठी हमखास ऐकू येते. त्यातले सावंता माळी ग्वांगजूच्या चोन्नम युनिव्हर्सिटीत या सीझियमवाल्या पेरोव्हस्काइटवर बरीच वर्षं आहेत, अँटीसॉल्व्हंटच्या ऐवजी गरम हवेचा झोत मारून फिल्म वाळवायची पद्धत त्यांनी लावून धरली, आणि २०२३ मध्ये याच सीझियम लेड आयोडाइडच्या दोन वेगवेगळ्या फेजचे थर एकावर एक घालून २१.५ टक्क्यांच्या पुढे गेले. गरम हवा मला दोन कारणांनी आवडते, एक तर ग्लोव्हबॉक्सच्या बाहेर जमते आणि दुसरं म्हणजे मोठ्या आकाराला नेता येते, स्पिन कोटरवर दोन चौरस मीटरचं पॅनेल कोण फिरवणार?

बरं, हे झालं मधल्या थराचं. आता जिथे सेल खरोखर मरतात ते म्हणजे थरांच्या सीमा. पेरोव्हस्काइटच्या एका बाजूला इलेक्ट्रॉन नेणारा थर, दुसऱ्या बाजूला होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली धन भाराची रिकामी जागा) नेणारा, मग धातू. जुन्या सेलमध्ये होलसाठी स्पायरो नावाचा रेणू असायचा, एकटा नीट चालत नाही म्हणून त्यात लिथियमचं मीठ घालायचं, आणि ते मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं! म्हणजे पाण्याला घाबरणाऱ्या मटेरियलच्या डोक्यावर पाणी ओढणारा थर घालून आम्ही वर्षानुवर्षं पेपर लिहिले. त्यावर सोन्याचा इलेक्ट्रोड. सोनं म्हणजे निष्क्रिय, गंजत नाही, असं शाळेत शिकलो, पण सेल ७० डिग्रीला चालवला की सोनं स्पायरोच्या थरातून झिरपून थेट पेरोव्हस्काइटमध्ये जातं हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं. चांदी घातली तर आयोडाइड तिच्यापर्यंत जाऊन सिल्व्हर आयोडाइड करून बसतो.

याला सध्याचं जे उत्तर आहे ते मला फार देखणं वाटतं. लिथुआनियात कौनसच्या टेक्नॉलॉजी युनिव्हर्सिटीतल्या केमिस्ट लोकांनी असे रेणू बनवले ज्यांच्या एका टोकाला फॉस्फोनिक अॅसिड आहे, ते काचेवरच्या वीज वाहणाऱ्या पारदर्शक ऑक्साइडला घट्ट चिकटतं, आणि दुसऱ्या टोकाला कार्बाझोल, जे होल उचलतं. द्रावणात काच बुडवली किंवा वर थेंब टाकून फिरवला की एकच रेणू जाड असा थर आपोआप लागतो, सॅम म्हणतात त्याला. मीठ नको, डोपिंग नको, रंग नाही म्हणून उजेडही खात नाही. बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ सेंटरबरोबर मिळून २०२० मध्ये त्यांनी याच्या जोरावर सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट चढवलेला टँडम सेल २९.१५ टक्क्यांना नेला आणि आज जगात रेकॉर्डच्या आसपास असणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सेलमध्ये या कुटुंबातला कुठला ना कुठला रेणू असतो. दुसऱ्या बाजूला पेरोव्हस्काइटच्या पृष्ठभागावर फिनेथिलअमोनियमसारखे लांबट रेणू लावून वरच्या उघड्या जागा बुजवायच्या, पॅसिव्हेशन. यातून व्होल्टेज वाढतं ते लगेच दिसतं. पण ८५ डिग्रीला तोच लांबट रेणू खाली आत शिरायला लागतो आणि महिन्याभराने तुमचा छान पृष्ठभाग कुठे गेला ते शोधत बसा.

आता माझी तक्रार. पेपरमध्ये लिहिलेलं असतं, १००० तासांनंतर ९५ टक्के एफिशियन्सी शिल्लक. वाचणारा खूश. १००० तास म्हणजे ४२ दिवस हो! आणि खाली मेथड्समध्ये बघितलं तर नायट्रोजनमध्ये, खोलीच्या तापमानाला, अल्ट्राव्हायोलेट नसलेल्या पांढऱ्या एलईडीखाली, आणि सेलचा आकार ०.१ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा. आपल्याकडे दिवसाला सरासरी पाच तास भर उन्हाएवढा प्रकाश धरला तर २५ वर्षांचे ४५ हजार तास होतात. मे महिन्यात चंद्रपूरला हवाच ४५ डिग्री, पॅनेल त्याच्यावर आणखी पंचवीस-तीस, मग जुलैत कोकणातला पाऊस, डिसेंबरात पहाटे दव. नायट्रोजन कुठून आणणार?

या गोंधळाला थोडी शिस्त लागली ती २०२० मध्ये. आयसोस नावाचे नियम मुळात २०११ मध्ये ऑरगॅनिक सेलसाठी होते, ते बऱ्याच लॅबनी एकत्र बसून पेरोव्हस्काइटसाठी वाढवले, अंधारात ठेवून, उजेडात चालवून, बाहेर छतावर, उजेड-अंधार आलटून पालटून, प्रत्येक टेस्टला नाव आणि अटी. आता निदान कुठली टेस्ट केली ते एका शब्दात लिहावं लागतं. दुसऱ्या बाजूला पॅनेल बाजारात आणायला लागते ती आयईसी ६१२१५ नावाची आंतरराष्ट्रीय टेस्ट, त्यात ८५ डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास, उणे ४० ते ८५ डिग्रीच्या २०० फेऱ्या. पण ती लिहिली गेली सिलिकॉनचे आजार डोळ्यासमोर ठेवून, त्यामुळे ती पास झालेलं पेरोव्हस्काइट पॅनेल छतावर टिकेलच असं मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही. आमच्या मटेरियलला उजेड आणि उष्णता दोन्ही एकदम, दीर्घकाळ, हा खरा त्रास. आणि रात्र! रात्री आयन परत जागेवर यायला लागतात, काही सेल सकाळी कालच्यापेक्षा चांगले चालतात, तर काही सेल सतत उजेडात ठीक आणि दिवस-रात्रीच्या चक्रात मात्र झपाट्याने खाली. एकच बॅच, दोन टेस्ट, दोन निष्कर्ष. मग पेपरात कुठला आकडा छापला जातो ते ओळखा.

छतापर्यंत हे पोचेलच तर टँडमच्या रूपाने, म्हणजे खाली सिलिकॉन आणि वर पेरोव्हस्काइट, वरचा निळा-हिरवा प्रकाश घेईल, खालचा लाल आणि इन्फ्रारेड. एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादाच २९.४ टक्के, आणि चीनच्या लाँगी कंपनीने टँडममध्ये २०२४ ला ३४.६ आणि २०२५ ला ३४.८५ टक्के दाखवले, छोट्या सेलवर. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये २४.५ टक्क्यांची पॅनेलं पहिल्यांदा एका अमेरिकन ग्राहकाला पाठवली. आयआयटी बॉम्बेतही दिनेश काबरांचा ग्रुप सिलिकॉनवरच्या टँडमवर काम करतो. पण टँडमसाठी वरच्या थराचा बँडगॅप १.६८ च्या आसपास न्यावा लागतो, त्यासाठी आयोडाइडमध्ये ब्रोमाइड मिसळावा लागतो, आणि ब्रोमाइड जास्त झाला की उजेडात आयोडाइड एकीकडे आणि ब्रोमाइड दुसरीकडे असे वेगळे व्हायला लागतात. होक नावाच्या संशोधकाने २०१५ मध्ये दाखवलं हे, उजेड बंद केला की परत मिसळतात. म्हणून ब्रोमाइड कमी आणि सीझियम जास्त अशी कसरत चालते.

शिशाबद्दल (लेड म्हणजेच शिसं) विचारलं जातंच. अर्धा मायक्रॉनचा थर, घनता चारच्या आसपास, त्यात वजनाने एक तृतीयांश शिसं, तर एका चौरस मीटरमध्ये एक ग्रॅमही भरत नाही. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत किलोंनी असतं. तरीही मी हा मुद्दा उडवून लावत नाही, कारण बॅटरीतलं शिसं बॅटरीत राहतं आणि परत विकलं जातं, इथे काच फुटली आणि पाऊस आला तर लेड आयोडाइड थोडंफार विरघळतं. काचेच्या आत शिसं पकडून ठेवणारे थर घालायचे प्रयोग चालू आहेत, ते मला पटतात. शिशाऐवजी कथील घालायचं म्हणाल तर कथील हवेत लगेच पुढच्या ऑक्सिडेशनला जातं, म्हणजे टिकण्याचा प्रश्न आणखी बिकट.

सध्या मी ज्यात अडकलीये ते मात्र याहून साधं दिसणारं आहे, सावली. पॅनेलवर कावळा शिटला, झाडाची फांदी आडवी आली, की त्या एका सेलला बाकीचे सेल उलटा व्होल्टेज लावतात. सिलिकॉनचा सेल दहा-पंधरा व्होल्ट उलटा सहज झेलतो, आणि पॅनेलला तीन बायपास डायोड (अडलेल्या सेलना वळसा घालून करंट नेणारे) असतात, वीस-चोवीस सेलमागे एक, काम भागतं. पेरोव्हस्काइटचा सेल बऱ्याचदा दोन-चार व्होल्टलाच कोलमडतो, आयन एका बाजूला गोळा होतात, धातू आत ओढला जातो आणि शॉर्ट. टँडममध्ये खालचं सिलिकॉन तो उलटा व्होल्टेज स्वतःवर घेतं म्हणून तिथे बरंच निभावतं. नुसत्या पेरोव्हस्काइटच्या मॉड्यूलमध्ये मात्र लेसरने कापलेले अरुंद पट्टे एकमेकांना जोडलेले असतात, प्रत्येक पट्ट्याला डायोड लावणं परवडणारं नाही. कार्बनचा इलेक्ट्रोड घेतला तर धातू आत जायचा प्रश्न मिटतो पण कार्बनचा रेझिस्टन्स जास्त, एफिशियन्सी पडते. चांदीच्या आधी इंडियम टिन ऑक्साइडचा थर घालून अडवता येतं पण तो स्पटर करताना (म्हणजे अणूंचा मारा करून चढवताना) खालच्या थराला मार बसतो, मग मध्ये टिन ऑक्साइडचा पातळ थर एएलडीने (एकेक अणूचा थर बसवत जाणारी पद्धत) घालायचा, म्हणजे अजून एक मशीन आणि त्याची वेटिंग लिस्ट. कुणी मॉड्यूलवर काम करत असेल आणि कार्बनवर टिकून राहिलं असेल, तर पट्टा किती रुंद ठेवताय तेवढं कळवा.